बीबीए सीईटी: इंग्रजीच्या ४० गुणांचं काय?

२०२४ पासून राज्यात बीबीए, बीसीए प्रवेशासाठी सीईटी आली. १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे. जुना जालन्यातली उर्दू, मराठी माध्यमाची मुलं हुशार असूनही इथेच अडू शकतात.

आपण त्यांच्या हातात शब्दांची यादी देतो. ती पाठ होते अन् आठवड्यात विसरली जाते. शब्द टिकतो तो वाक्यात आणि कुटुंबासह. इल्म, आलिम, तालीम, मालूम एकाच मुळातले, हे उर्दूवाल्यांना ठाऊक आहे. तसंच ‘डिसाइड’सोबत ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ शिकवा.

क्लासची फी सगळ्यांना परवडत नाही. म्हणून मोहल्ल्यात एखादी खोली बघून मगरिबनंतर रोज तासभर इंग्रजी वाचन सुरू करू या. शब्दांवाचून आपलं लेकरू कॉलेजच्या दारातून परतायला नको.