मस्टरातला पणजोबा

आमच्या ओळखीच्या काही घरांत जाडजूड कुलवृत्तांत आहेत. कोकणातून कोण, कधी निघालं, सगळं छापील. माझ्या पणजोबांचा वृत्तांत म्हणजे गिरणीचा एक तिकीट नंबर. राजापूरकडून बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरले, लालबागला गावकीच्या खोलीत वळकटी टाकली, एवढंच आजी सांगायची.

१८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेव्हापासून मुंबई वसवणाऱ्यांची नावं शोधायची ती मस्टरांत, चाळींच्या भाडेपावत्यांत आणि गावमंडळांच्या वर्गणीवह्यांत. या वह्या सर्वांत भरवशाच्या, कारण वर्गणी थकवणाऱ्याला गाव विसरत नाही! पणजोबा मला तिथेच सापडले, थकबाकीसह. गिरणीत मात्र 'रेकॉर्ड नाही' हेच उत्तर.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जमिनीच्या इंचाइंचाचा हिशेब झाला, माणसांच्या नोंदींचा कुणी ठेवला नाही. हे मला अक्षम्य वाटतं. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत वारसांकडून पुरावे मागणाऱ्या सरकारनं उरलेली मस्टरं ताब्यात घ्यावीत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात ठेवावीत, नावांची सूची करावी. आणि गावमंडळांनो, जुन्या वह्या रद्दीत घालू नका.