नावाचे भांडण आणि ‘जर्मन’चे पातेले



स्वयंपाकघरातील एखादे पांढरट, हलके पातेले हातात घ्या. ते कशाचे? तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनियमचे. अमेरिकेतला विद्यार्थी म्हणेल, ‘अलूमिनम’चे. आणि तुमची आजी म्हणेल, “काहीतरीच! अरे, ते जर्मनचे आहे.” आता तिघांपैकी कोणाचे खरे मानायचे?

यातले पहिले भांडण दोनशे वर्षांचे जुने आहे. तुरटीत एक अज्ञात धातू दडलेला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क होता. तुरटीला लॅटिनमध्ये ‘अल्युमेन’ म्हणतात. त्यावरून सर हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०८ साली या धातूला ‘अल्युमियम’ असे नाव सुचविले. गंमत अशी, की तोवर तो धातू कोणी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता! डेन्मार्कच्या ओर्स्टेडने तो प्रथम वेगळा केला १८२५ साली. विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते हे दाखविणारा ओर्स्टेड तो हाच. म्हणजे बाळ जन्मण्याआधी सतरा वर्षे बारसे उरकले होते!

पुढे १८१२ मध्ये डेव्हीनेच नाव बदलून ‘अल्युमिनम’ केले. काही इंग्रज पंडितांना ते रुचले नाही. सोडियम, पोटॅशियम यांच्या पंगतीला बसायचे तर शेवटी ‘इयम’ हवे, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडात ‘ॲल्युमिनियम’ रुळले. अमेरिकेत दोन्ही रूपे चालू होती. १९२५ साली तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने ‘अलूमिनम’ स्वीकारले. तेव्हा एखादा इंग्रज अमेरिकनाच्या या उच्चाराला हसला, तर तो आपल्याच डेव्हीला हसत असतो! रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये ‘ॲल्युमिनियम’ला मान्यता दिली आणि तीन वर्षांनी ‘अलूमिनम’ही चालेल असे सांगून टाकले. चिन्ह मात्र सगळ्या जगात एकच आहे. धातूला भांडणाचे सोयरसुतक नाही.

व्यापारी नावांचेही असेच. बॉलपेनला इंग्लंडात सर्रास ‘बायरो’ म्हणतात. हे नाव लाझ्लो बीरो या हंगेरीत जन्मलेल्या संशोधकाचे. पण त्याच्या मातृभाषेत उच्चार ‘बीरो’. अमेरिकेत हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. आपण ज्याला ‘थर्मास’ म्हणतो ते निर्वात पात्र जेम्स ड्युअरने १८९२ साली तयार केले. ‘थर्मॉस’ हे नाव दिले १९०४ साली एका जर्मन कंपनीने. ते इतके लोकांच्या तोंडी बसले, की १९६३ साली अमेरिकेतील न्यायालयाने तो सर्वसाधारण शब्द झाल्याचे मान्य केले. चहा मात्र कोणत्याही नावाच्या पात्रात तितकाच वेळ गरम राहतो.

हे सारे मी का सांगतो आहे? मी नवा अध्यापक असताना खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, “सर, लोखंड गंजते, मग जर्मनचे भांडे का गंजत नाही?” ‘जर्मन’ शब्दाला सारा वर्ग हसला. खेदाची गोष्ट ही, की मीही हसलो. त्या मुलाने वर्षभर पुन्हा प्रश्न विचारला नाही. वास्तविक त्याचा प्रश्न पहिल्या प्रतीचा होता. ॲल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. हे उत्तर त्या दिवशी द्यायचे राहून गेले, आणि ते त्याच्या उच्चारामुळे नव्हे, आमच्या हसण्यामुळे.

मग कोणताही शब्द कसाही वापरावा काय? नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा एक मिश्रधातू आहे. त्यात तांबे, निकेल व जस्त असते. चांदी नावालाही नसते! त्याचा विद्युत्‌रोध ॲल्युमिनियमच्या सुमारे दहापट भरतो. प्रयोगवहीत नुसते ‘जर्मनची तार’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याने कोणती तार घ्यावी? अशा वेळी नेमके नाव हवेच. शब्दामुळे वस्तूच बदलत असेल तर जरूर हटकावे; नुसता उच्चार बदलत असेल तर सोडून द्यावे.

शिक्षकबंधू-भगिनींनाही माझी हीच विनंती आहे. मुलाचा उच्चार सुधारायचाच असेल तर अवश्य सुधारा, पण आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या. आणि मित्रहो, आजीला ‘ॲल्युमिनियम’ म्हणायला शिकविण्याआधी तिला एक विचारा: या पातेल्यात चिंचेचे सार का करून ठेवत नाहीत? उत्तर ती देईल. त्यामागचे रसायनशास्त्र तुम्ही शोधा.