मुलगी निघाली खडकवासल्याला

रविवारी दुपारी जेवणे आटोपून वर्तमानपत्र हातात घेते न घेते तोच शेजारच्या वहिनी आल्या. चेहरा उतरलेला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तो तसाच हातात धरून म्हणाल्या, "तुम्ही लिहिता-वाचता, म्हणून तुम्हाला विचारते. आमची धाकटी एनडीएचा अर्ज भरते म्हणतेय. आता तुम्हीच तिला समजवा."

"काय समजवू?"

"हेच की, हे मुलींचं काम नाही!"

मला हसू आले, पण ते मी दाबले. कारण याच वहिनींचा थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी हीच परीक्षा देणार होता, तेव्हा त्यांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले होते. निवड झाली म्हणून नव्हे, नुसता अर्ज भरला म्हणून! पुढे तो लेखी परीक्षेत राहिला, ती गोष्ट वेगळी. मुलाच्या अर्जाला पेढे आणि मुलीच्या अर्जाला डोळ्यांत पाणी, हे कसे?

वहिनींना तेव्हा मी चटकन उत्तर दिले नाही. पण विषय डोक्यातून जाईना. वाचकहो, आज तोच तुमच्यापुढे मांडते आहे. कारण असे अर्ज आता अनेक घरांत भरले जात आहेत.

सिंहगडाच्या पायथ्याशी

पुण्याजवळ खडकवासला धरणाच्या काठी, सिंहगड समोर दिसेल अशा ठिकाणी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. भूसेना, नौसेना आणि हवाईदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र राहून शिकतात. सुरुवात मात्र येथे झाली नाही. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये 'जॉइंट सर्व्हिसेस विंग' या नावाने ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याला कोनशिला बसली आणि १९५४ च्या अखेरीस छात्र येथे राहायला आले.

प्रबोधिनीच्या छायाचित्रांत जी घुमटाची भव्य इमारत दिसते, ती 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्ततेसाठी भारतीय जवानांनी रक्त सांडले. त्याची कृतज्ञता म्हणून सुदानने जी रक्कम दिली, त्यातला ७० हजार पौंडांचा भारताचा वाटा या वास्तूसाठी वापरण्यात आला. म्हणजे पोरे ज्या छपराखाली शिकतात, ते छप्परही कुणाच्या तरी बलिदानातून आलेले आहे.

येथला दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. व्यायाम, कवायत, मग वर्ग, पोहणे, घोडेस्वारी, खेळ, आणि रात्री पुन्हा अभ्यास. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे ते सायकलवर, तेही शिस्तीत, रांग धरून. चूक झाली की 'रगडा' ठरलेला. म्हणजे कोलांट्या, धावणे आणि घामाने भिजलेला गणवेश. तीन वर्षांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हातात पडते. मग एक वर्ष आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत काढायचे, आणि त्यानंतर खांद्यावर अधिकाऱ्याची पहिली खूण चढते.

आणखी एक जागा सांगायला हवी. प्रबोधिनीच्या आवारात 'हट ऑफ रिमेंबरन्स' नावाची एक छोटी वास्तू आहे. येथून शिकून गेलेल्या आणि रणांगणावर कामी आलेल्या अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया १९६१ मध्ये काँगोत गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या युद्धात गेले, वय अवघे २१. कॅप्टन मनोजकुमार पांडे १९९९ मध्ये कारगिलला गेले, वय २४. तिघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. बारावीतली मुले-मुली अर्ज भरतात, तेव्हा ती कोणत्या घराचा उंबरा ओलांडायला निघाली आहेत, हे या नावांवरून कळते.

उशिरा उघडलेले दार

डेहराडूनच्या त्या पहिल्याच तुकडीतले तीन मित्र पुढे एकाच काळात तिन्ही दलांचे प्रमुख झाले. जनरल रॉड्रिग्ज, अॅडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ मध्ये, वैद्यकीय सेवेबाहेरच्या काही शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली. पण ते दार पदवीनंतरचे आणि ठरावीक वर्षांच्या नोकरीचे होते. ज्या प्रबोधिनीत हे तिघे घडले, तेथे मुलींना प्रवेश नव्हताच.

तो मिळायला २०२१ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्टला अंतरिम आदेश देऊन मुलींना परीक्षेला बसू द्यायला सांगितले. तयारीला वेळ हवा, मुलींची परीक्षा पुढच्या वर्षी घेऊ, असे सरकारने म्हणून पाहिले. पण न्यायालयाने ते मानले नाही. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज केले. लेखी परीक्षेत १,००२ जणी उतरल्या. जागा होत्या १९!

त्याच ऑक्टोबरात तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे खडकवासल्याच्या दीक्षान्त संचलनाला आले होते. ते पुण्याचे आणि याच प्रबोधिनीचे माजी छात्र. मुली येतील तेव्हा त्यांचे स्वागत निखळ न्यायबुद्धीने करा, असे त्यांनी समोर उभ्या असलेल्या मुलांना बजावले.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तीनशेहून अधिक मुलांच्या खांद्याला खांदा लावून दीक्षान्त संचलनात उतरल्या. त्यांच्यासाठी वेगळे संचलन नव्हते, वेगळी पदवी नव्हती. मुलांनी जी तीन वर्षे काढली, तीच त्यांनीही काढली. परंपरा मोडली का? मला तसे वाटत नाही. प्रबोधिनीचे ब्रीदवाक्य आहे 'सेवा परमो धर्मः'. सेवा हा श्रेष्ठ धर्म. त्यात मुलगा की मुलगी, असे कुठेच म्हटलेले नाही. अट आपण घातली होती, ब्रीदवाक्याने नव्हे.

त्या कागदावरची सही

दोन दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी हातात लेकीने काढून दिलेले माहितीपत्रकाचे कागद होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे वाचलंत? असं लिहून द्यायचं असतं आई-बापांनी?"

मी वाचले. मुलगा किंवा मुलगी प्रबोधिनीत दाखल होण्यापूर्वी पालकांना एक प्रमाणपत्र सही करून द्यावे लागते. प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे आपल्या पाल्याला इजा झाली, तर सरकारकडे भरपाई मागण्याचा आपल्याला हक्क राहणार नाही, हे आपल्याला पूर्ण समजले आहे, अशा अर्थाचा तो मजकूर. शिवाय एक बंधपत्र असते. पाल्याने स्वतःच्या कारणाने शिक्षण अर्धवट सोडले, तर झालेला खर्च परत करायचा.

"मुलाच्या वेळीही हेच होतं का हो?" वहिनींनी विचारले.

"हेच होतं."

त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा आम्ही वाचलंच नव्हतं."

वाचकहो, मला वाटते सारा मुद्दा या एका वाक्यात आहे. मुलाच्या वेळी आपण अभिमानाने न वाचता सही करायला तयार असतो. मुलीच्या वेळी तोच कागद दहादा वाचतो. मुलाचा गुडघा काय, आपोआप भरून येणारा असतो? का त्याचा जीव कमी मोलाचा असतो? भीती वाटण्यात काही चूक नाही. चूक आहे ती अर्ध्या लेकरांसाठीच वाटण्यात.

आणि भीतीला कारण नाही, असेही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून एका प्रश्नाची दखल घेतली. लष्करी प्रशिक्षण संस्थांत शिकताना जबर इजा होऊन १९८५ पासून सुमारे ५०० छात्रांना घरी पाठवण्यात आले, असे तेव्हा प्रकाशात आले. त्यांतले काही जण तर अंथरुणाला खिळलेले. पण अधिकारी होण्याच्या आधीच इजा झालेली, म्हणून त्यांची गणना माजी सैनिकांत होत नाही आणि माजी सैनिकांसारखे निवृत्तिवेतनही नाही. महिन्याला जास्तीत जास्त ४० हजार रुपयांची अनुग्रह रक्कम. अंथरुणावरच्या तरुण मुलाच्या औषधाला, माणसाला, उपचारांना ती किती पुरणार? माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार त्यांच्यासाठी उघडायला त्याच महिन्याची अखेर यावी लागली.

यांत बहुतेक मुलगेच असणार, कारण प्रबोधिनीचे दार मुलींना इतकी वर्षे बंदच होते. त्यांच्याही आई-बापांनी त्या कागदावर सह्या केल्या होत्या. आता मुली आल्यामुळे आपण तो कागद नीट वाचू लागलो असू, तर मुलींनी प्रबोधिनीवर आणि मुलांवरही उपकारच केले म्हणायचे. लेकरू देशाच्या स्वाधीन करायचे, तर पडल्यावर उचलायला देश आहे, एवढी खात्री मागण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे. मग लेकरू मुलगा असो वा मुलगी.

तुमच्या घरी असा अर्ज आला तर

तर काय करावे? एक तर हसण्यावारी नेऊ नये. आणि पेढेही लगेच वाटू नयेत. मुलीशी किंवा मुलाशी स्वस्थ बसून बोलावे.

वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस अशी आहे, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. भूसेनेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौसेना आणि हवाईदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणिताचे ३००. कला शाखेतल्या मुलीलाही गणिताचा पेपर चुकत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. त्यात उतरले की निवड मंडळापुढे पाच दिवसांची कसोटी, तीही ९०० गुणांची. तेथे पाठांतर उपयोगाचे नाही. चार माणसांत मूल कसे वागते, अडचणीत काय करते, हेच तेथे पाहतात, आणि ते घरातच घडते. भावाला बाहेर पाठवायचे आणि बहिणीला ताटे घ्यायला लावायचे, असे ज्या घरात चालते, तेथली मुलगी त्या पाच दिवसांत एकदम पुढाकार कोठून घेणार?

आणखी एक. प्रशिक्षण पुरे होईपर्यंत लग्न करता येत नाही. मुलींच्या काही घरांना ही अट अडचणीची वाटेल. मला विचाराल, तर ही अट साऱ्याच मुलींना लागू करायला हरकत नाही!

खर्चाची चिंता नको. प्रबोधिनीतले राहणे, जेवण, शिक्षण सरकार करते. हातखर्चाचे पैसे तेवढे घरून पाठवायचे. आणि निवड झाली, तर तो कागद घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा. ज्याला जायचे आहे, त्यानेही वाचावा. समजून केलेली सही लेकराला बळ देते. रडत केलेली सही त्याच्या पायात अडकते.

परवा सकाळी दूध घ्यायला दार उघडले, तर वहिनींची धाकटी बूट घालून जिना उतरत होती. मागून वहिनींचा आवाज आला, "अगं, काहीतरी खाऊन तरी जा! धावायचं तर उपाशीपोटी?"

अर्ज भरला का, हे मी विचारले नाही. ते त्या आवाजावरूनच कळले.