खिशातले संगीत आणि बुडालेली दुकाने

संगीताची दुकाने बुडाली म्हणून कोणी खेद व्यक्त केला, की त्यास हल्ली एक ठराविक उत्तर मिळते: “सारे संगीत खिशात आले असता दुकान हवे कशाला?” हे उत्तर देणारे बहुधा सुशिक्षित असतात, आणि आपण काळाची पावले ओळखली असे समाधान त्यांच्या मुद्रेवर झळकत असते. आमचा आक्षेप या समाधानावरच आहे.

मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘रिदम हाऊस’ १९४०च्या दशकात उघडले आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झाले. त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मागील वर्षभरात आपण तेथे एक तरी तबकडी विकत घेतली होती काय, हा प्रश्न त्यांतील प्रत्येकाने स्वतःस विचारावयास हवा होता. पाकिटातले चार रुपये न देता डोळ्यांतले दोन अश्रू देणे ही स्वस्तातली रसिकता होय.

दुकानांचे दोष झाकण्याची आम्हांस गरज नाही. तेथे माल मोजका असे, किंमत अनेकांस परवडत नसे, आणि आडगावच्या रसिकास एका ध्वनिमुद्रिकेसाठी मुंबई-पुण्याची वारी करावी लागे. आज कोकणातल्या एखाद्या मुलीस घरबसल्या अब्दुल करीम खाँ ऐकता येतात, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पुरवठा ही एक गोष्ट, आणि निवड व राखण ही दुसरी. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते, हा भ्रम आहे.

याचे एक उदाहरण पाहा. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अवकाशात पाठविली. त्यांतील सुवर्ण-तबकडीवर हिंदुस्थानी संगीताची प्रतिनिधी म्हणून केसरबाई केरकरांची भैरवी निवडण्यात आली. पण ती ध्वनिमुद्रिका तोवर बाजारातून नाहीशी झालेली होती. बराच शोध केल्यावर ती सापडली, ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या छोट्या दुकानात, मेजाखालच्या एका खोक्यात! ज्या मालास वर्षानुवर्षे गिऱ्हाईक नाही, तोही फेकून न देता ठेवून देणारा दुकानदार होता, म्हणून गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेचा स्वर आज ताऱ्यांच्या वाटेवर आहे.

आता खिशातल्या यंत्राचा न्याय पाहा. ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून असा नियम केला आहे की, ज्या ध्वनिमुद्रणास मागील १२ महिन्यांत १,००० श्रोते-फेऱ्याही मिळाल्या नाहीत, त्याच्या मोबदल्याचा हिशेबच करावयाचा नाही. खोक्यातली केसरबाई या नियमात कोठे बसते? जे पुष्कळांनी ऐकले तेच यंत्र पुन्हा पुढे करते. जे कोणी ऐकले नाही ते ऐकण्याजोगे आहे, हे त्यास कोण सांगणार? दुकानातला जाणता विक्रेता नेमके तेच सांगत असे. “हे घेता आहात, तर तेही एकदा ऐकून पाहा,” या त्याच्या एका वाक्याने कित्येकांचा कान घडला. पुण्याचे ‘अलूरकर म्युझिक हाऊस’ तर विक्रीवर न थांबता स्वतः ध्वनिफिती प्रसिद्ध करीत असे. दुकानदारी आणि कलेची सेवा यांचे हाडवैर नाही, याचा याहून दुसरा पुरावा कशास हवा?

शिवाय, विकत घेतलेली तबकडी आपली असे. नातवंडांस देता येई. मासिक वर्गणीचे संगीत आपले नसते. वर्गणी थांबली की मैफल उठली, आणि कंपनीचा करार संपला की आवडते गाणे एका रात्रीत गडप!

“काळापुढे कोणाचे चालले आहे?” असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडेच पाहावे. तेथे २००८ पासून स्वतंत्र दुकानांसाठी वर्षातून एक दिवस साजरा होतो. आणि २०२२ साली तेथे सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या जाऊन सी. डी.ची संख्या मागे पडली. मेली म्हणून सोडून दिलेली वस्तू गिऱ्हाइकाने मनावर घेताच उठून बसली. तेव्हा काळास दोष देण्यात अर्थ नाही. काळ म्हणजे अखेर माणसांच्या सवयींची बेरीज होय.

आमचे मागणे फार नाही. जी थोडी दुकाने तग धरून आहेत, तेथे वर्षातून चार वेळा तरी कुटुंबाने जावे आणि काही विकत घ्यावे. संगीतसभांनी मंडपात कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांस जागा द्यावी. ग्रंथालयांनी पुस्तकांच्या शेजारी ऐकण्याची एक खोली ठेवावी, आणि जाणत्या माणसास तेथे पगार देऊन बसवावे. मुलाच्या शिकवणीवर हजारो रुपये खर्चणाऱ्या घरास त्याच्या कानावर शंभर रुपये खर्चणे जड जाऊ नये. तेवढेही होत नसेल, तर निदान बुडालेल्या दुकानांवर लेख लिहून गळे काढण्याचे तरी सोडून द्यावे.