सतरंज्या उचलण्यापुरतेच विद्यार्थी?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणाऱ्या फिजिशियन असोसिएट या व्यवसायाचा देशभरासाठीचा अभ्यासक्रम ठरला. पदनाम ठरले, विषय ठरले, पदवीधराने काय शिकून बाहेर पडावे तेही ठरले. ज्यांचे आयुष्य यावर उभे राहणार, त्या विद्यार्थ्यांना मात्र ठरवणाऱ्यांच्या रांगेत जागा नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्याने आयोग आणि राज्य परिषदा निर्माण केल्या, त्यांत अधिकारी बसवले, तज्ज्ञ बसवले. विद्यार्थ्यासाठी एकही खुर्ची ठेवली नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर झाला पाहिजे.

हे विद्यार्थी करतात काय, ते एकदा पाहावे. बायपासच्या आदल्या रात्री रुग्णाची हिस्ट्री घेणे, फायलीतले रिपोर्ट लावणे, रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवली ते नातेवाइकांना पुन्हा विचारणे हे इंटर्नचे काम. सकाळी ओटीत पायातली शीर काढली जाते तेव्हा तो वरिष्ठाच्या हाताशी उभा असतो. मग आयसीयूत ड्रेनची तासातासाची नोंद आणि संध्याकाळी दुसऱ्या कुणाचे डिस्चार्ज कार्ड. एवढ्या जबाबदारीला तो मोठा असतो; पण विद्यावेतन, कामाचे तास, नोंदणी यांवर बोलायला लागला की लहान कसा होतो?

आपल्याकडे हा अभ्यासक्रम 1992 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. त्यानंतर जवळपास तीन दशके कायदाच नव्हता. तो आल्यावर राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापायच्या होत्या. त्यासाठीही ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. या दिरंगाईची किंमत कुठल्या सचिवाने मोजली नाही. ती मोजली हातात पदवी असून नोंदणी नसलेल्या मुलामुलींनी.

दोष फक्त सरकारचा नाही. व्यावसायिक संघटनांनाही विद्यार्थी हवे असतात ते वर्गणीपुरते आणि अधिवेशनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसण्यापुरते. सतरंज्या उचलायला विद्यार्थी आणि ठराव करायला ज्येष्ठ, ही रीत बंद झाली पाहिजे. अमेरिकेत 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातल्या माजी वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. 1968 मध्ये तिथली संघटना उभी केली ती त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी. आज तिच्या संचालक मंडळावर विद्यार्थी संचालक आहे, प्रतिनिधी सभागृहात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी आहेत. 2021 मध्ये व्यवसायाचे नाव बदलण्याचा निर्णय याच सभागृहाने घेतला.

आवाज नसला की काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2024 अखेर या व्यवसायाची फॅकल्टी, म्हणजे त्यांची व्यावसायिक संस्था, बंद केली. जुलै 2025 मध्ये सरकारने नेमलेल्या लेंग समीक्षेच्या अहवालाने पदनाम बदलण्याची आणि कामाच्या कक्षा आवळण्याची शिफारस केली. रुग्णसुरक्षेचे प्रश्न खरे होते, त्यांची दखल घ्यायलाच हवी होती. पण ऐन शिक्षणात असलेल्या मुलांच्या पायाखालची जमीन सरकली, तेव्हा त्यांची म्हणून हक्काची जागाच उरलेली नव्हती.

विद्यार्थी अननुभवी असतात, आज आहेत उद्या नाहीत, हा आक्षेप ठरलेला. तो टिकणारा नाही. महाराष्ट्रात तरी त्याचा अर्थ आपण ओळखून आहोत. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुकांची तरतूद झाली आणि त्या निवडणुका वर्षानुवर्षे टाळल्या गेल्या. कधी परीक्षा, कधी कायदा-सुव्यवस्था. कारण कोणतेही चालते. विद्यार्थ्यांची भीती वाटते, हे मात्र कुणी कबूल करत नाही.

कायदादुरुस्तीला वेळ लागेल. तोवर राज्य सरकारने परिषदेच्या प्रत्येक बैठकीला विद्यार्थ्यांनी निवडलेले दोन प्रतिनिधी कायम निमंत्रित म्हणून बोलवावेत आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. संघटनांना तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती मांडून विद्यार्थी सभासदांना मतदानाचा हक्क आणि कार्यकारिणीत जागा द्यावी. ते होईपर्यंत त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये.