पाव आणि मीठ

जर्मनींत आम्ही नवें बिऱ्हाड थाटलें, त्याच दिवशीं शेजारच्या वृद्ध बाईंनीं दारांत येऊन एक काळसर पाव आणि मिठाची पुडी पुढें केली. मीठ हातोहात घेतल्यास भांडण होतें, ही आपल्याकडील समजूत! आमच्या सौभाग्यवतींचा हात आखडला आणि बाईंचा चेहरा उतरला. मागाहून कळलें कीं, नव्या घरांत अन्नाची वाण पडूं नये म्हणून पाव व मीठ देण्याची ती तेथील जुनी रीत. आपण दूध उतूं घालतों तशीच.

दुसऱ्या दिवशीं आम्ही लाडू घेऊन क्षमा मागावयास गेलों. बाईंनीं आनंदानें आपलें आंबवण दाखविलें. राय नांवाच्या धान्याचें पीठ आंबट केल्याविना पाव आंत चिकट राहतो. म्हणून प्रत्येक खेपेस थोडें आंबवण राखून पुढील पिठास लावितात, आपल्या विरजणाप्रमाणेंच. रात्रीच्या थंड जेवणासही तेथें ‘आबेंडब्रोट’, म्हणजे सायंकाळचा पाव, असेंच म्हणतात. २०१४ सालीं त्या देशानें आपल्या पावाच्या परंपरेची नोंद राष्ट्रीय वारशाच्या यादींत केली.

परदेशीं निघालेल्या मुलासुनांस वडीलधाऱ्यांनीं इतर उपदेशाबरोबर हेंही सांगावें: दारीं आलेलें अन्न कोणत्या भावनेनें आलें, तें आधीं जाणून घ्यावें.