सामाईक घर, सामाईक हप्ता



या पानावर दर वर्षी अभ्यास, शिस्त, मातृभाषा असे विषय येतात, आणि ते यावेतच. या खेपेस आम्ही मात्र घराच्या हप्त्याविषयी लिहीत आहोत. शाळेच्या वार्तापत्रात हप्ता कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँक आपले पैसे कापून घेते, आणि फी, वह्या, सहल, चपला हे सगळे त्यानंतर जे उरते त्यातून होते. मुलांना हे जाणवते. फक्त कोणी त्यांच्याशी त्याबद्दल बोलत नाही.

आमच्या घरात दोन भाऊ, दोन जावा, आई आणि शाळेत जाणारी चार मुले. थोरला शेती पाहतो, धाकटा नोकरी करतो. २०२१ च्या सुरुवातीला दोघांनी मिळून अफजलपुरात घर घेतले. कर्ज दहा लाख, मुदत वीस वर्षे, व्याज सात टक्के, हप्ता ७,७५३ रुपये. आदल्याच ऑक्टोबरात भीमेच्या पुराने आपल्या तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली होती, तेव्हा पक्क्या घराचे मोल नव्याने कळले होते. पगार धाकट्याचा म्हणून बँकेने त्याच्याकडे पाहून कर्ज दिले, पण सही दोघांची. सहकर्जदार म्हणजे निम्म्या कर्जाचा धनी, असा आमचा समज होता. तसे नसते. एकाने हात वर केले तर बँक सगळी रक्कम दुसऱ्याकडून मागू शकते. दुसरीकडे, कर्जावर सही आहे म्हणून घरावर मालकी आहे असेही नाही, कारण मालकी खरेदीखतातील नावावरून ठरते. भावाभावांत हे बोलणे जड जाते, पण भिजत घोंगडे ठेवण्यापेक्षा ते पहिल्या दिवशी बोललेले बरे. आम्ही एका वहीत कोणी किती भरले ते लिहीत आलो आहोत. थोरल्याने तुरीचे पैसे आल्यावर भरलेली रक्कमही त्यात आहे आणि धाकट्याच्या पगारातून गेलेला हप्ताही.

आता आमची चूक सांगतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. आमचे कर्ज बदलत्या व्याजाचे. सातचे साडेनऊ टक्के झाले, पण खात्यातून जाणारा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून आम्ही निवांत होतो. २०२३ मध्ये कर्जाचा उतारा काढला आणि डोळे उघडले. दोन वर्षांत १ लाख ८६ हजार रुपये भरले होते, मुद्दल उतरली होती जेमतेम ४९ हजार. उरलेले हप्ते २१६ असायला हवे होते, ते चारशेच्या पुढे गेले होते. अठरा वर्षांचे सदतीस वर्षे! घरातल्या धाकट्या मुलीचे लग्न होऊन तिची मुले शाळेत गेली तरी हप्ता चालूच.

यात गणित काही अवघड नाही. साडेनऊ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच साडेसात हजारांच्या वर होते. हप्ता पावणेआठ हजार. म्हणजे मुद्दलीत पडत होते दोनशे-सव्वादोनशे रुपये. हप्ता साधारण साडेचौदाशेने वाढवून ९,२०० केला की तेच कर्ज पुन्हा अठरा वर्षांत बसते. साडेचौदाशे रुपयांपायी एकोणीस वर्षे. विद्यार्थी मित्रांनो, चक्रवाढ व्याज तुमच्या पुस्तकात आहे. आमच्या शिक्षक बांधवांना विनंती की, एखाद्या तासाला हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. मुले घरी जाऊन आपल्या वडिलांना अवघड प्रश्न विचारतील, ते विचारू द्यावेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याविषयी नियम केला. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे, असे त्यात आहे. पण विचारलेला कागद वाचणारा कोणी घरात हवा. शिवाय बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास बँकांनी दंड घेऊ नये, हे २०१२ पासून ठरलेले आहे. आपल्या भागाला हे फार सोयीचे आहे. आपला पैसा महिन्याला येत नाही. तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा. त्या दिवसांत घरात एकदम रक्कम दिसते आणि एकदमच खर्चही सुचतात. आम्ही ठरवले की, वर्षातून एकदा वीस हजार रुपये मुद्दलीत टाकायचे आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करून घ्यायची. असे चालले तर अठरा वर्षांचे काम साडेबारा वर्षांत होते. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले तेव्हाही हप्ता तोच ठेवला. एक वर्ष पाऊस फिरला, तेव्हा वीस हजार जमले नाहीत, आठच भरले. तेही चालते.

आमच्याहून मोठे उदाहरण सोलापूरचे आहे. सोलापूर आपल्याला परके नाही. तिथे कुंभारीला विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभारली आणि गोदावरी परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. साठ हजारांच्या घरात केंद्राचे वीस, राज्याचे वीस आणि कामगाराचे वीस हजार, अशी वाटणी होती. २००६ मध्ये ती घरे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरे आखली गेली. त्यांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. रोज विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीतून वीस हजार बाजूला काढणे म्हणजे काय, हे पगारदाराला कळायचे नाही. पण संस्था होती, सभासद एकमेकींना धरून होत्या. सामाईक या शब्दात नुसती भांडणे नसतात, हे तिथे दिसते. इंग्लंडात तर घराचा थोडा हिस्सा विकत घ्यायचा, उरलेल्याचे भाडे द्यायचे आणि जमेल तसा हिस्सा वाढवत न्यायचा, अशी पद्धतच आहे. २०२१ पासून तिच्या नव्या नमुन्यात दहा टक्क्यांपासूनही सुरुवात करता येते. आपल्याकडे तसे काही नाही. आपल्याकडे भाऊ असतात.

आणि बायका असतात, ज्यांचे नाव कागदावर नसते. हे आम्ही आमच्याच घराविषयी लिहीत आहोत. हप्त्यांचा तक्ता आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, मुले दर महिन्याला एक चौकट रंगवतात. मागच्या वर्षी थोरलीने खरेदीखत वाचून विचारले, "यात आई आणि काकू का नाहीत?" कोणालाच पटकन बोलता आले नाही. दोघी जावा पहाटेपासून राबतात, एकीच्या शिवणाचे पैसे हप्त्यात गेलेले वहीत लिहिलेले आहेत, आणि खरेदीखतात मात्र दोघे भाऊच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२२ पर्यंत चाललेल्या व्याज-अनुदानात अल्प उत्पन्न गटाने नवे घर घेतल्यास बाईचे नाव मालकीत असणे बंधनकारक होते. सरकारला जे सुचले ते आम्हाला घरात सुचले नव्हते. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतील हक्कही कर्नाटकाने १९९४ मध्येच कायद्यात आणला होता आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. आता नावे चढवायची तर घर गहाण असल्याने आधी बँकेची संमती लागते, मग उपनोंदणी कचेरी, मग खात्यातील बदल. अर्ज दिला आहे. खरेदीच्या दिवशी केले असते तर एका फेरीत झाले असते. जे पालक आता घर किंवा जागा घेत आहेत त्यांनी ही चूक करू नये. गावठाणातील जागा असेल तर ई-स्वत्तूचे फॉर्म ९ आणि ११ आधी पाहावेत, नाहीतर बँक दारातही उभी करत नाही.

हप्ता भरताना पहिली कात्री कशाला लागते? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याकडे ती मुलांना लागली. दोन वर्षे सहलीला पाठवले नाही, आणि एकाला तर पोट दुखते असे सांगायला लावले. त्याला खरे कारण ठाऊक होते. तेव्हापासून आम्ही चौघांनाही वही दाखवतो. आठ वर्षांच्या मुलालाही कळते की, या महिन्यात नाही, तुरीनंतर. काही पालक म्हणतात की, मुलांच्या डोक्याला हा ताप नको. आम्हाला हे पटत नाही. ताप न सांगितल्यानेही होतो, आणि त्याला औषध नसते.

विश्वस्त मंडळींना एक मागणे आहे. वर्षाची फी जूनमध्ये एकरकमी द्यावी लागते. त्याच महिन्यात पेरणी, बियाणे, खत, आणि हप्ता तर असतोच. पालक मग सोने ठेवतात किंवा हातउसने आणतात, त्याचे व्याज घराच्या कर्जाहून पुष्कळ चढे असते. फी तीन वेळा घ्यावी: जूनमध्ये, दिवाळीनंतर, आणि जानेवारीअखेर तूर विकल्यावर. जानेवारीचा भाग मोठा ठेवला तरी चालेल. शाळेलाही शिक्षकांचे पगार महिन्याला द्यावे लागतात, हे आम्ही जाणतो, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी जूनमध्येच पूर्ण भरावी आणि ज्यांना नको असेल त्यांनी तसे अर्जात लिहून द्यावे. पालकसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांना सभेत बोलायला संकोच वाटतो त्यांनी आधी आमच्याकडे चिठ्ठी दिली तरी पुरे, नाव वाचून दाखवणार नाही.